जूनटीन्थच्या वाटेवर चार दिवस: गॅल्व्हेस्टनची भिंत ते ऑस्टिनचं ब्राँझ

ह्यूस्टनला मुलांकडे आलेल्या मराठी आई-बाबांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. नासाचं केंद्र, पिअरलँडचं मीनाक्षी मंदिर आणि एक दिवस गॅल्व्हेस्टनचा समुद्र. समुद्र पाहून, मासे खाऊन संध्याकाळी परत. त्याच गावात, समुद्रापासून मोटारीनं दहा मिनिटांवर, एका साध्या पार्किंगच्या जागेशेजारी एक भिंत आहे. १९ जून १८६५ ला टेक्सासमधल्या सुमारे अडीच लाख माणसांची गुलामगिरी संपल्याचा हुकूम त्या कोपऱ्यावरून निघाला. जून आणि नाइन्टीन्थ मिळून झालेला ‘जूनटीन्थ’ हा सण तिथला. त्या भिंतीपासून सुरू करून ह्यूस्टनच्या वस्त्यांमधून ऑस्टिनच्या विधानभवनापर्यंत चार दिवसांत हा प्रवास नीट होतो.

निघण्याआधी थोडं. स्वतःची किंवा भाड्याची मोटार हवीच, बसच्या भरवशावर हा बेत जमणार नाही. १९ जूनलाच गेलात तर मिरवणुका, भाषणं, गाणी सगळं मिळेल, पण गॅल्व्हेस्टनमध्ये गाडी लावायला जागा मिळणार नाही आणि भित्तिचित्रासमोर निवांत उभंही राहता येणार नाही. आमच्या मते सण एकदा पाहावा आणि कला पाहायला वेगळं यावं. ऑक्टोबर अखेर ते मार्च हा काळ उत्तम. उन्हाळ्यात पारा ३३-३४ अंशांवर असतो आणि दमटपणा थेट मुंबईच्या मे महिन्यासारखा. १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम असतो, त्यामुळे त्या दिवसांत हवामान पाहूनच मुक्काम ठरवावा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. म्हणून पहिला दिवस बुधवार धरला तर पुढचे दिवस नीट बसतात.

पहिला दिवस: स्ट्रँड आणि बाविसावा रस्ता

ह्यूस्टनहून आय-४५ महामार्गानं दक्षिणेला ८० किलोमीटर. सकाळी सातला निघालात तर साडेआठच्या आत पोचता. खाडीपूल ओलांडला की महामार्गच ब्रॉडवे नावाचा गावातला रस्ता होतो. गॅल्व्हेस्टनची आखणी एकदा कळली की नकाशा लागत नाही. बेटाच्या लांबीला समांतर जाणाऱ्या रस्त्यांना अक्षरं आहेत आणि आडव्या रस्त्यांना आकडे. स्ट्रँड म्हणजे ‘बी’, ब्रॉडवे म्हणजे ‘जे’. ब्रॉडवेवरून बाविसाव्या रस्त्याला बंदराच्या दिशेनं वळायचं आणि स्ट्रँडपर्यंत जायचं. लवकर जाण्याचं कारण उन्हाइतकंच गाड्यांचंही आहे. भिंतीसमोरची जागा पार्किंगची आहे, आणि दहानंतर तिथं उभ्या राहणाऱ्या मोठ्या गाड्या चित्राचा खालचा भाग झाकून टाकतात.

या कोपऱ्यावर ऑस्टरमन इमारत होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात जिंकलेल्या उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या, फौजेचे अधिकारी आणि तो हुकूम काढणारे जनरल गॉर्डन ग्रेंजर यांचं मुख्यालय त्या इमारतीत होतं. इमारत आता नाही. २०१४ मध्ये टेक्सासच्या ऐतिहासिक आयोगानं इथं पाटी लावली. आधी ती पाटी वाचा, भिंतीकडे नंतर वळा.

शेजारच्या इमारतीच्या बाजूवर ५,००० चौरस फुटांचं, म्हणजे सुमारे ४६५ चौरस मीटरचं भित्तिचित्र आहे. नाव आहे ‘अ‍ॅब्सोल्यूट इक्वॅलिटी’, संपूर्ण समता. ह्यूस्टनचे चित्रकार रेजिनाल्ड अ‍ॅडम्स आणि ‘द क्रिएटिव्हज’ हा त्यांचा चमू यांनी ते रंगवलं. जूनटीन्थ लेगसी प्रोजेक्ट या स्थानिक उपक्रमानं ते उभं केलं आणि इमारतीच्या मालकांनी भिंत दिली. लोकार्पण १९ जून २०२१ ला झालं. त्याच्या दोनच दिवस आधी, १७ जूनला, राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी जूनटीन्थला राष्ट्रीय सुट्टी करणाऱ्या कायद्यावर सही केली होती.

चित्र काळाच्या ओघानं वाचायचं असतं. आरंभी एस्तेवानिको आहे. हा मोरोक्कोतला गुलाम. १५२८ मध्ये स्पॅनिश मोहिमेची फुटकी तराफी या किनाऱ्याला लागली तेव्हा वाचलेल्या मूठभर माणसांत तो होता. पुढे गुलामांना सुटकेची वाट दाखवणारी, कृष्णवर्णीय स्त्रीशक्तीचं प्रतीक असलेली हॅरिएट टबमन, मग लिंकन, ग्रेंजर आणि संघराज्याच्या फौजेतले कृष्णवर्णीय सैनिक. यादवी युद्धात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय पुरुष उत्तरेच्या फौजेतून लढले. शेवटी चालणारी माणसं आणि अंतराळवीर. हा अंतराळवीर लक्षात ठेवा, चौथ्या दिवशी त्याचं काम आहे.

चित्राचं नाव ग्रेंजरच्या ‘जनरल ऑर्डर क्रमांक ३’ मधून घेतलं आहे. तो मजकूर शंभरापेक्षा कमी शब्दांचा आहे. तो मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा आणि भिंतीसमोर उभं राहून अख्खा वाचा. पहिलं वाक्य सांगतं की सगळे गुलाम मुक्त आहेत. दुसरं सांगतं की आजवरचे मालक आणि गुलाम यांच्यात व्यक्तिगत हक्कांची आणि मालमत्तेच्या हक्कांची संपूर्ण समता राहील, आणि त्यांचं नातं यापुढे मालक आणि मजूर असं असेल. बहुतेक वाटाडे इथंच थांबतात. पण हुकूम पुढे जातो. मुक्त झालेल्यांनी आहे त्या घरांतच शांतपणे राहावं आणि मजुरीवर काम करावं, लष्करी ठाण्यांवर जमू नये, कुठंही बसून खायला मिळणार नाही. म्हणजे पहिल्या दोन वाक्यांत समता आणि लगेच पुढे तंबी. चित्रकारांनी त्या मजकुरातले दोनच शब्द उचलून भिंतीचं नाव केलं. हुकमाचा पहिला अर्धा भाग त्यांनी सरकारकडून मागून घेतला आहे आणि दुसरा अर्धा नाकारला आहे, असं आम्ही हे चित्र वाचतो.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. ‘टेक्सासातल्या गुलामांना अडीच वर्षं बातमीच कळली नाही’ असं सर्रास सांगतात. लिंकन यांची मुक्ती-घोषणा १ जानेवारी १८६३ ची. नेमक्या त्याच दिवशी, संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेच्या राज्यांच्या फौजेनं गॅल्व्हेस्टन परत जिंकून घेतलं होतं. बातमी टेक्सासात पोचलेली होती, तिची अंमलबजावणी करणारं सैन्य नव्हतं. उलट युद्धाच्या काळात आजूबाजूच्या राज्यांतले मळेवाले आपले गुलाम घेऊन टेक्सासात येत होते, कारण टेक्सासचा बहुतेक भाग उत्तरेच्या फौजेच्या हाती गेला नव्हता. १८६० च्या जनगणनेत टेक्सासात १,८२,५६६ गुलाम होते, तो आकडा १८६५ पर्यंत अडीच लाखांवर कसा गेला याचं उत्तर त्यात आहे. ग्रेंजर आले ते सुमारे २,००० सैनिक घेऊन. मुक्ती त्या बंदुकांच्या सोबतीनं आली.

आता भिंतीजवळ जा. खाऱ्या हवेत भित्तिचित्र कसं टिकतं, हे जवळूनच कळतं. अशा कामात सगळं अवलंबून असतं पूर्वतयारीवर. आधी दाबाच्या पाण्यानं भिंत धुवायची. मग ती पूर्ण वाळू द्यायची. मग भेगा भरायच्या, क्षार सोसणारा प्रायमर द्यायचा आणि त्यानंतर रंगाला हात लावायचा. घाई झाली आणि ओल आत राहिली की ती बाहेर पडताना रंगाचे फुगे येतात, पोपडे सुटतात. भिंतीला लोणा लागलेला असेल आणि तो न खरवडता रंग दिला, तर क्षार रंगाला आतून ढकलत राहतात. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला किमान २८ दिवस द्यावे लागतात, नाहीतर त्यातला चुना रंगद्रव्य जाळतो.

रंगाचा हिशेब असा: गुळगुळीत पृष्ठभागावर बाहेरचा अ‍ॅक्रिलिक रंग लिटरला ८ ते १० चौरस मीटर पुरतो, खडबडीत भिंतीवर ५ ते ६. म्हणजे ४६५ चौरस मीटरच्या भिंतीला एका हाताला ५० ते ९० लिटर लागतात, आणि प्रायमर वेगळा. रेखाटन चौकटी आखून करता येतं, पण एवढ्या भिंतीवर सरळ चौकटी आखण्यातच दोन दिवस जातात. म्हणून हल्ली चित्रकार भिंतभर वेड्यावाकड्या खुणा काढतात, त्यांचा फोटो घेतात आणि फोनवर त्या खुणांवर मूळ चित्र ठेवून ‘या खुणेशी डोळा, त्या खुणेशी खांदा’ असं जुळवत जातात. रंगकाम वरून खाली, म्हणजे वरचे ओघळ खालचं काम बिघडवत नाहीत. तापलेल्या भिंतीवर कुंचला ओढला जातो आणि रंग पट्ट्यापट्ट्यांनी वाळतो, त्यामुळे परांचीवरची माणसं सावलीबरोबर सरकत काम करतात.

कुठलंही भित्तिचित्र पाहताना तीन जागा तपासा: जमिनीपासूनचं गुडघाभर अंतर, खिडक्यांच्या खालच्या कडा आणि वरची कड. ओल आधी तिथं बोलते. तांबडे आणि पिवळे रंग निळ्या-काळ्यांपेक्षा लवकर उडतात, त्यामुळे जुन्या भित्तिचित्रांत माणसांचे चेहरे निळसर दिसू लागतात. वरून पारदर्शक लेप दिला की सगळं सुरक्षित, असंही नाही. भिंतीला श्वास न घेऊ देणारा लेप विटेतली ओल कोंडतो.

दोन तास इथं सहज जातात. दुपार समुद्रावर घालवा आणि मुक्काम गावातच करा.

दुसरा दिवस: ब्रॉडवे

अ‍ॅश्टन व्हिला हा १८५९ चा विटांचा वाडा ब्रॉडवेवर तेविसाव्या रस्त्याजवळ आहे. ‘याच सज्जातून ग्रेंजरनं हुकूम वाचला’ असं तिथं अजून ऐकायला मिळतं. त्याला पुरावा नाही. हुकूम काढला गेला, वर्तमानपत्रात छापला गेला. सज्जाचं दृश्य मागाहून जुळवलेलं आहे. तरीही इथं यायचं, कारण आवारात नऊ फुटी ब्राँझचा पुतळा आहे. हाती कायद्याचा कागद घेतलेला आमदार. ह्यूस्टनचे आमदार अल एडवर्ड्स यांनी १९७९ मध्ये विधेयक मांडलं आणि १९८० पासून जूनटीन्थ टेक्सासची अधिकृत सुट्टी झाली. सुट्टी जाहीर करणारं हे पहिलं राज्य. देशाला त्यानंतर ४१ वर्षं लागली. वाड्याच्या आवारात जूनटीन्थवर कायमचं प्रदर्शनही आहे, त्याच्या वेळा आधी पाहून जा.

तिथून पूर्वेला तीन-चार चौक चाललात की विसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर रीडी चॅपल. इथली मंडळी १८४८ पासूनची, म्हणजे गुलाम असतानाच प्रार्थनेला जमणारी. पहिली वास्तू १८८५ च्या आगीत गेली, आजची त्यानंतर बांधलेली आहे. तिनं १९०० चं महावादळ सोसलं आणि २००८ चं आइकही. १९ जूनच्या संध्याकाळी गावातली मिरवणूक जुन्या न्यायालयाच्या बाजूनं निघून इथंच येते. हे चालतं-बोलतं प्रार्थनास्थळ आहे. आत जायचं असेल तर आधी फोन करून विचारा. रविवारी सकाळी गेलात तर पूर्ण प्रार्थनेला बसायची तयारी ठेवून जा, फोटो काढून निघून येण्याची ती जागा नव्हे.

दुपारी ह्यूस्टनला परत.

तिसरा दिवस: ह्यूस्टनचे वॉर्ड

सकाळी आधी एमॅन्सिपेशन पार्क, थर्ड वॉर्डमध्ये. गाडीच्या नकाशात रस्ता ‘डाउलिंग’ दिसला तर नकाशा जुना आहे. दक्षिणेच्या एका सेनाधिकाऱ्याचं ते नाव बदलून २०१७ मध्ये एमॅन्सिपेशन अ‍ॅव्हेन्यू झालं.

१८७२ मध्ये, मुक्तीला सात वर्षं झाल्यावर, पाद्री जॅक येट्स, रिचर्ड अ‍ॅलन, रिचर्ड ब्रॉक आणि इलायस डिबल या कालपर्यंतच्या गुलामांनी दोन चर्चच्या मंडळींकडून वर्गणी काढली आणि हजारेक डॉलरना दहा एकर जमीन घेतली. हेतू एकच: जूनटीन्थ साजरा करायला हक्काची जागा. दुसऱ्याच्या जमिनीवर जमायची परवानगी मिळेलच याची खात्री नव्हती. पुढे ती जागा शहराला दिली गेली, आणि १९२२ ते १९४० या काळात ह्यूस्टनमधल्या कृष्णवर्णीयांना खुली असलेली ती एकमेव सार्वजनिक बाग होती. २०१७ मध्ये ३.३६ कोटी डॉलरच्या नूतनीकरणानंतर ती पुन्हा उघडली. आराखडा वास्तुकार फिल फ्रीलन यांचा.

या बागेत बसलं की मराठी माणसाला पुणं आठवावं. इथं वर्गणी गोळा होत होती त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि अमेरिकेत गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केलं. आपल्या भाषेला या विषयाचं नातं दीडशे वर्षांचं आहे, आणि ते या सहलीच्या तिसऱ्या दिवशी मुलांना सांगायला सोपं जातं.

बागेपासून जवळच होल्मन रस्त्यावर प्रोजेक्ट रो हाउसेस. १९९३ मध्ये रिक लो आणि आणखी सहा कृष्णवर्णीय कलावंतांनी पाडायला आलेली २२ लहान घरं वाचवली. ही ‘शॉटगन’ घरं: रुंदी एका खोलीची, खोल्या एकामागे एक, मधे पडवी किंवा बोळ नाही, पुढचं दार उघडलं की मागचं दिसतं. काही घरांत कलावंत येऊन मांडणी करतात, काहींत एकट्या आया मुलांसह राहून शिक्षण पूर्ण करतात. कलेच्या मांडण्या ‘राउंड’नं होतात. दोन राउंडच्या मधल्या दिवसांत घरं बंद असतात आणि नेमकी तेव्हाच पोचून माणसं नाराज होऊन परततात. म्हणून तारीख पाहून या. शेजारी खरी वस्ती आहे, लोकांच्या ओसरीचे फोटो काढू नका.

हा उपक्रम ज्यांच्या चित्रांवरून सुचला ते जॉन बिगर्स. त्यांनी १९४९ मध्ये टेक्सास सदर्न विद्यापीठात कला विभाग उभा केला आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हॅना हॉलच्या भिंतीवर एकेक चित्र रंगवायला लावलं. ते दालन प्रशासकीय इमारतीत आहे, म्हणून कामाच्या दिवशीच जावं आणि दारावर विचारून आत शिरावं. गॅल्व्हेस्टनच्या भिंतीला आधार कुठून मिळाला, ते इथल्या भिंती पाहताना लक्षात येतं.

दुपारनंतर फोर्थ वॉर्डमधलं फ्रीडमेन्स टाउन. मुक्त झालेले लोक मळ्यांवरून चालत ह्यूस्टनला आले आणि इथं वसले. अँड्र्यूज आणि विल्सन या रस्त्यांवर पायाखाली पाहून चाला. या विटा वस्तीतल्या लोकांनी स्वतःच्या पैशानं आणल्या आणि स्वतः बसवल्या. चौकांत विटांची दिशा बदलते. या प्रवासातली सगळ्यात जुनी सामूहिक कलाकृती आमच्या हिशेबानं हीच, जरी तिच्यावर कलाकाराचं नाव नसलं तरी. वीट बसवलेली जागा एकदा उखडली की पुन्हा तशी बसत नाही. पाण्याच्या आणि गटाराच्या वाहिन्यांच्या कामात इथं तसं झालेलं आहे. बूट सपाट तळाचे घाला, पावसानंतर विटा निसरड्या होतात. गगनचुंबी इमारतींच्या पायथ्याशी असलेलं अँटिऑक चर्च १८६६ च्या मंडळींचं, आणि जॅक येट्स त्याचे पहिले पाद्री. त्यांचं १८७० चं घर सॅम ह्यूस्टन पार्कमध्ये हलवून ठेवलं आहे.

चौथा दिवस: ऑस्टिन

२९० क्रमांकाच्या रस्त्यानं सुमारे २६५ किलोमीटर, तीन तास. विधानभवनाच्या दक्षिणेच्या हिरवळीवर मुख्य दरवाजातून आत या.

टेक्सास आफ्रिकन अमेरिकन हिस्टरी मेमोरियल नोव्हेंबर २०१६ मध्ये उघडलं. ब्राँझ आणि ग्रॅनाइट, २७ फूट उंच, ३२ फूट रुंद. शिल्पकार एड ड्वाइट. १९६० च्या दशकात हवाई दलाचे वैमानिक म्हणून अंतराळवीर होण्याच्या प्रशिक्षणाला निवडले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय, पण नासानं त्यांना घेतलं नाही. मग ते शिल्पकार झाले. २०२४ मध्ये, नव्वदीत, ते एका खासगी यानातून अंतराळाच्या कडेला जाऊन आले. गॅल्व्हेस्टनच्या भिंतीवरचा अंतराळवीर इथं आठवायचा.

शिल्पाच्या मध्यभागी जूनटीन्थ आहे: साखळ्या तुटलेली माणसं बाहेर पडताना. जवळ जाऊन मनगटं पाहा. ब्राँझ दुपारी हात भाजेल इतकं तापतं, आणि दुपारच्या उन्हात उठावातले बारकावे सपाट होतात. सकाळी नऊला किंवा मावळतीच्या थोडं आधी, तिरप्या उजेडात चेहरे उठून दिसतात.

आता त्याच हिरवळीवर थोडं चालत १९०३ च्या स्मारकापाशी या. हे दक्षिणेच्या सैनिकांचं. वर फुटलेल्या दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस आहे, आणि खालचा मजकूर सांगतो की ते राज्यांच्या हक्कांसाठी मेले. टेक्सासनं २ फेब्रुवारी १८६१ ला संघराज्यातून फुटण्याची कारणं स्वतःच लिहून ठेवली आहेत आणि त्यांत गुलामगिरी उघड शब्दांत आहे. तो कागद आणि हा मजकूर शेजारी ठेवून वाचा. एका हिरवळीवरच्या या दोन स्मारकांत ११३ वर्षांचं अंतर आहे. विधानभवनाचा गुलाबी ग्रॅनाइटही पाहा. तो दगड १८८० च्या दशकात खाणीतून काढला कैद्यांनी. गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीत गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरीला सूट होती, आणि दक्षिणेतल्या तुरुंगांनी ती पुरेपूर वापरली.

दुपारी पूर्व ऑस्टिनमधलं जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर संग्रहालय. प्रवेश विनामूल्य. आवारात जूनटीन्थचे पाच ब्राँझ पुतळे आहेत, त्यांत पाद्री आहे, आमदार आहे, स्त्री-पुरुष आहेत आणि एक मूल. विधानभवनासमोरचं शिल्प लांबून पाहायला केलेलं आहे, हे पुतळे माणसांच्या वस्तीत आहेत. आधी विधानभवन आणि मग कार्व्हर, हा क्रम उलटा करू नका.

जवळच रोझवूड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्टिनच्या कृष्णवर्णीयांनीही जूनटीन्थसाठी स्वतःची एमॅन्सिपेशन पार्क घेतली होती. १९३० च्या दशकात शहरानं ती जमीन संपादन केली आणि तिथं रोझवूड कोर्ट्स ही सरकारी वसाहत बांधली. ह्यूस्टनची बाग राहिली, ही गेली. संग्रहालयातून बाहेर पडल्यावर तिथून एक फेरी मारूनच २९० ला लागा.